चाकावरची खूण

हँडल उलटं आलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. तसं पाहिलं तर विशेष काही झालं नाही. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही, शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पण तो धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात आणि खांद्यातून सरळ दातांत गेला, आणि रविवारच्या त्या भर सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये तो मनगट काखेत दाबून एका पालथ्या बादलीवर बसून राहिला. सात महिने. सात महिने ज्याला आंघोळ घातली, तेल पाजलं, ज्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले, त्याने आज पहिल्यांदा तोंड उघडलं ते अंगावर यायला. समोर ते इंजिन उभं होतं. हिरवंगार, दोन्ही अंगांना दोन भलीमोठी चाकं, डोक्यावर पाण्याचा चौकोनी हौद, बुडाशी नवी लाकडी बैठक. नवरदेवासारखं दिसत होतं. नवरदेवासारखंच गप्प होतं. एखादा जाणकार तिथे असता तर म्हणाला असता की गड्या, हँडल उलटं आलं म्हणजे आत ठिणगी पडली, सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी पेटलं, पेढे वाट. पण जाणकार तिथे नव्हता. तिथे हा होता, आणि याला एवढंच कळलं की माणसांनी आयुष्यभर जे आपल्याला ऐकवलं तेच आता लोखंडानेही ऐकवलं.

इंजिन बाबांच्या वखारीतलं. वखारीत ओंडके यायचे आणि फळ्या होऊन जायच्या, आणि मधल्या त्या सगळ्या किंकाळीला हे एकटं इंजिन पुरायचं. त्याच्या चाकावरून कातडी पट्टा करवतीपर्यंत जायचा, आणि इंजिन सुरू असलं की घरातली भांडी फळीवर हळूहळू सरकत कडेला यायची. दर तासाने ती मागे ढकलणं हे आईचं काम. बाबा इंजिनाला ‘थोरला’ म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे, मला तीन मुलगे, थोरला शेडमध्ये असतो, त्याला रॉकेल लागतं, बाकी दोघांना जेवण. मग दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हा मधला, थोरल्याचा दोस्त. आणि हा? हा धाकटा. धाकट्याबद्दल बाबा पुढे काही बोलत नसत. वाईट काही मनात नसायचं त्यांच्या, पण बोलण्यासारखं काही सापडत नसे. धाकटा भुशाच्या ढिगावर बसून चित्रं काढायचा, आणि काढलेलं खोडून पुन्हा काढायचा. कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचा.

पुढे या खोडण्याचंच त्याला पोट मिळालं. देवाची करणी अशी की तो कोणाचाच हात रिकामा ठेवत नाही, कोणाला छिन्नी देतो, कोणाला सुई, याला त्याने टोकदार पेन्सिल दिली आणि फोटो स्टुडिओच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. तेहतीस वर्षं त्याने लोकांचे चेहरे साफ केले. आधी काचेखाली निगेटिव्ह धरून पेन्सिलीच्या टोकाने, नंतर संगणकावर. देवीचे व्रण, मुरमांचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मंगळसूत्र तुटल्यावर गळ्यावर उरलेली रेघ. नवऱ्या मुली यायच्या, साहेब यायचे, आणि गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन रडवेली मुलं यायची, की मोठा करून द्या, जरा चांगला करून द्या. तो चांगला करून द्यायचा. स्टुडिओत त्याचं नाव पडलं साबणराव. मालकही गिऱ्हाइकाला सांगायचे, काळजी नको, आमच्या साबणाने धुतलं की माणूस जन्मल्यासारखा होतो. त्याला त्या नावाचा राग नव्हता, उलट आतून थोडी फुशारकीच होती. एकही डाग त्याच्या नजरेतून सुटत नसे. आता निवृत्तीनंतरही बसमध्ये समोरच्याच्या गालावर तीळ दिसला की याची तर्जनी आपोआप अंगठ्यावर घासायला लागायची.

वखारीची जागा विकली गेली तेव्हा नव्या मालकाचा निरोप आला, लोखंड न्यायचं तर न्या, नाहीतर भंगारात जाईल. हा निरोप दादालाही गेला असणार. दादा दुसऱ्या शहरात, बसच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला, गुडघ्यांनी अडलेला. दोघा भावांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. हा टेम्पो घेऊन गेला आणि थोरल्याला घेऊन आला. बायकोने खिडकीतून पाहिलं. तिने तिथूनच विचारलं, “हे आता आपल्याकडे राहणार का?” आणि त्याने हो म्हटल्यावर ती म्हणाली, “मग त्यालाही विचारून घ्या, त्याची हरकत नाही ना.”

का आणलं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पण आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण सगळी गाठ तिथे आहे. सहा वर्षांपूर्वी, ज्या दिवशी बोलणं तुटलं त्या दिवशी, दादा दारात उभा राहून, एक पाय चपलेत आणि एक बाहेर, म्हणाला होता, “तुला फक्त पुसता येतं. करता काही येत नाही.” हे वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं. खोकून निघेना, गिळून जाईना. त्याला थोरला सुरू करून दाखवायचा होता. स्वतःच्या हातांनी, कोणालाही न विचारता. मग तो आवाज फोनमधून दादाला ऐकवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. एक शब्दही बोलायचा नाही. किती वेळा त्याने हा प्रसंग मनात घोळवला होता. फोन ठेवायचा तो क्षणसुद्धा त्याने घासूनपुसून लख्ख करून ठेवला होता.

आणि थोरला तर ढिम्म. पहिले दोन महिने पिस्टन आतून चिकटलेला. डिझेल ओत, रॉकेल ओत, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोक. एके दिवशी तो सुटला तेव्हा याने पेढे आणले, आणि दुसऱ्या दिवशी पिस्टनवरच्या रिंगा काढताना तीनच्या तीन मोडल्या, कारण त्या कशा उघडायच्या हे ठाऊक नव्हतं. बिस्किटासारख्या तुटल्या. मग बोल्ट. गंजलेला बोल्ट हा प्राणी काय असतो हे ज्याला भेटला त्यालाच कळतं. पाना लावावा, जोर करावा, आणि ‘सुटला’ म्हणून आनंद व्हावा तोवर हातात नुसतं डोकं यावं, धड आत. असे सहा बोल्ट. प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे जायचं, त्याच्या पायरीवर उभं राहायचं, आणि हातातलं बोल्टचं मुंडकं दाखवायचं. लेथवाला चष्म्यावरून बघायचा. म्हणायचा, “या साबणराव, आज कोणाचा शिरच्छेद?” माणूस बोलायला फटकळ, पण तुटलेलं धड कधी त्याने आत राहू दिलं नाही. एकदा तो म्हणाला की अहो, हे इंजिन माझ्या बापाच्या वयाचं आहे, त्याच्याशी जरा दमाने घ्या, तुम्ही त्याचं तोंड धुवायला बसता आणि त्याला तर आधी दम लागलाय. याला ते पटलं नाही. स्वच्छता झाल्याशिवाय काम कसलं? एखादी गोष्ट कशी चालते हे त्याला कळत नव्हतं, पण ती कशी दिसायला हवी हे तेहतीस वर्षं कळत आलं होतं. मग जे कळतं तेच तो करत राहिला. आत काही अडलं की तो बाहेरून घासायला घ्यायचा. मनाला बरं वाटायचं.

मनगट सुजायला लागलं होतं. बायको पाण्यात भिजवलेलं फडकं घेऊन आली, तिने ते काही न बोलता गुंडाळलं, आणि मग न बोलणं तिच्या स्वभावाला झेपेना म्हणून म्हणाली की मारामारी करायचीच होती तर बरोबरीचा तरी शोधायचा. आणि येताना ती लेथवाल्यालाही घेऊन आली होती. रविवारी त्याचं दुकान बंद, बिचारा लुंगीवर आला, हातात दात घासायचा ब्रश तसाच. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली, हौदात डोकावलं, चाकावर तळवा टेकवला. “दिसायला झक्कास,” तो म्हणाला. मग मॅग्नेटोकडे वाकला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारी डबी, ती दातेरी चाकाने फिरते, आणि ठिणगी कधी पडायची ते ती कुठल्या दातावर बसवली यावर असतं. ठिणगी आधी पडली की पिस्टन वर यायच्या आतच स्फोट होतो आणि सगळं उलटं फिरतं. हे लेथवाल्याने ब्रशनेच हवेत काढून दाखवलं. मग त्याने विचारलं, “कशावर बसवलीत? खूण कुठे आहे?”

कसली खूण, याने विचारलं.

“चाकाच्या कडेवर असते ना एक. छिन्नीने मारलेली, एवढीशी, नखाएवढी. ती या इथे बैठकीच्या कडेसमोर आली की ठिणगी. जुन्या माणसांनी प्रत्येक इंजिनावर मारलेली असते, नाहीतर दर वेळी कोण शोधत बसणार? बघा, असेल.” आणि तो बोटाने चाकाची कड चाचपत गेला, सावकाश, सबंध वळसा. कड आरशासारखी गुळगुळीत होती. त्याचं बोट जिथून निघालं तिथे परत आलं, आणि मग त्याने मान वर करून याच्याकडे पाहिलं.

याचीही तर्जनी कडेवर गेली. तिसरा महिना. भाड्याने आणलेला ग्राइंडर. चाकावरचा गंज उडत होता, नाकात, कानात, पापण्यांवर तांबडी भुकटी, आणि तांबड्याखालून लोखंडाचा तो निळसर गाल उघडा पडत होता. किती सुख वाटलं होतं त्या दिवशी! आणि कडेवर एक खोक होती. आडवी, नखाएवढी, काठ जरा वर उचललेले. त्याच्या बोटाला ती लागली. त्याला वाटलं, कधीतरी कोणाच्या हातून हातोडी निसटली असेल, वखारीतली माणसं धसमुसळी. त्याने ग्राइंडर लावला. नंतर कानस. नंतर जाडा पॉलिश पेपर, नंतर बारीक. संध्याकाळपर्यंत तिथे काही होतं हे देवालासुद्धा कळलं नसतं. उजेडात चाक फिरवून त्याने पाहिलं होतं आणि स्वतःशीच म्हणाला होता, आता कसं!

लेथवाला गेला. जाताना एवढंच म्हणाला की शोधता येईल, पण प्रत्येक इंजिनाची ठेवण वेगळी, ज्याने हे चालवलं असेल त्याला विचारा. असं आहे का कोणी? याने नाही म्हटलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घरात गेली.

आई एक गोष्ट सांगायची. सांगायची म्हणजे अर्धी बोलायची, अर्धी गायची, मध्येच पोळपाटावर ठेका धरायची. एका माणसाला देवाची लहानशी मूर्ती मिळाली. त्याची भक्ती मोठी. तो रोज मूर्ती घासायचा, चिंच लाव, राख लाव, रोज लख्ख. वर्षं गेली. देवाचं नाक गेलं, मग डोळे गेले, मग हातातलं आयुध गेलं, आणि शेवटी एक गुळगुळीत गोळा उरला. तरी तो घासतोच आहे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो आहे, बघा, माझा देव किती स्वच्छ! इथे आई थांबायची आणि दोघा मुलांकडे बघायची. लहानपणी हा खो खो हसायचा. दादा हसायचा नाही. दादा विचारायचा, मग त्या देवाला दुखलं नसेल का गं? आज बादलीवर बसून त्याला वाटलं, आई ती गोष्ट एकट्या आपल्यासाठी सांगत असावी, आणि आपण तिचा विनोद घेतला, देव तेवढा दादाने घेतला. छे. हेही उगाच. स्वतःला चार शिव्या घातल्या की बरं वाटतं, तेही एक घासणंच. त्याने पाना उचलला, मॅग्नेटोचे दोन बोल्ट सैल केले, एक दात पुढे बसवला, हँडल मारलं. काही नाही. दोन दात पुढे. काही नाही. एक मागे, आणि हँडल पुन्हा झटकलं, या वेळी त्याने वेळेवर सोडलं. ते त्याच्या तोंडासमोरून सूं करत गेलं आणि तो भिंतीला टेकून धापा टाकत उभा राहिला. घाम डोळ्यांत जात होता. समोरचं हिरवं लोखंड त्याला इतकं परकं वाटलं की क्षणभर त्याला खात्री वाटेना, हे आपल्या वखारीतलंच का? त्याला त्या रंगाचा राग आला. बाबांच्या वेळी थोरल्याला रंग नव्हताच मुळी. तेलाचा आणि भुशाचा एक काळा थर होता, बोटाने खरवडला की नखात बसायचा, आणि त्याला वास होता, गोडसर, करपट, बाबांच्या सदऱ्याला यायचा तो. तो वास त्याने सोडा लावून तीन दिवसांत धुऊन काढला होता.

हे कोण, असं दादाने विचारलं होतं. सहा वर्षांपूर्वी. बाबा गेल्यावर महिन्याने याने त्यांचा फोटो मोठा करून, चौकट करून, बाहेरच्या खोलीत लावला. स्टुडिओतल्या तेहतीस वर्षांतलं ते त्याचं सर्वांत चांगलं काम होतं. मानेच्या सुरकुत्या, कानातले केस, आणि हनुवटीवरचा तो जुना व्रण, पांढरा, गाठाळ, दाढी करताना बाबा ज्याला नेहमी वळसा घालायचे. सगळं नाहीसं. बाबा चाळिशीतले दिसत होते, एखाद्या बँकेच्या साहेबासारखे. दादा आला, फोटोसमोर उभा राहिला, खूप वेळ. मग त्याने विचारलं, “हे कोण?” याला वाटलं चेष्टा आहे. याने हसून सांगितलं की मीच केला, व्रणसुद्धा काढला, कळत नाही ना? दादाचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. पुढचं सगळं दारातलं. जाताना दादाने कपाटातून मूळचा लहान फोटो उचलला, खिशात घातला आणि गेला. एका व्रणासाठी! सहा वर्षं याला हेच कळलं नव्हतं. बाबा कधीतरी वखारीत पाय घसरून पडले होते, आईने तसंच सांगितलं होतं. पडल्याची खूण कोणाला जपून ठेवावीशी वाटते? याने तर बापाला बरं केलं होतं.

बायको पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात फोन होता, आणि फोन वाजत नव्हता, चालू होता. ती म्हणाली, “जाऊबाई आहेत. मी त्यांना सांगितलंय.” दोघी जावा गेली सहा वर्षं दर गुरुवारी दुपारी तासभर बोलतात हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही. भावांच्या भांडणाचं ओझं घरातल्या बायका असं कपड्यांच्या घड्यांत दडवून सांभाळतात. त्याने मान हलवली, नको म्हणून. तिने फोन इंजिनाच्या हौदाच्या कडेवर ठेवला, आवाज मोठा केला आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. फोनमधून आधी वहिनींचा आवाज आला, कोणाला तरी ‘घ्या’ म्हणणारा. मग काठी टेकल्याचा. मग नुसता श्वास.

याने सहा वर्षांत पाठ केलेलं एक वाक्य होतं, ते आठवेना. तो म्हणाला, “दादा, चाकावर एक खोक होती.”

“होती,” दादा म्हणाला.

“ती मी घासली.”

गॅलरीतली बाई वाळलेले कपडे गोळा करत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा. त्याला वाटलं, आता फोन ठेवला जाईल. जो क्षण आपण दादासाठी घासूनपुसून ठेवला होता, तो हा असा आपल्याच वाट्याला येणार.

“बाबांचा व्रण कुठल्या बाजूला होता?” दादाने विचारलं.

तेहतीस वर्षं ज्याच्या नजरेतून एक तीळ सुटला नाही, ज्याने तो व्रण स्वतःच्या हाताने, दहापट मोठा करून, कणाकणाने भरून काढला होता, त्याला आठवेना. त्याने डोळे मिटले. बाबांची हनुवटी समोर आली ती गुळगुळीत. उजवी, डावी, दोन्हीकडे सारखी. लहानपणी मांडीवर बसून त्या गाठीवर आपण बोट फिरवायचो हे आठवलं, बोटाला आठवलं, पण कुठल्या बाजूला ते काही केल्या दिसेना.

“नाही ना आठवत,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. “हँडल धर. सुरू करायला वाकतोस तसा वाक. आता मॅग्नेटोकडे बघ.”

तो वाकला. मॅग्नेटो उजवीकडे, म्हणून मान उजवीकडे वळली. आणि वळली तशी डावी हनुवटी हँडलच्या वाटेत आली, अगदी समोर, वीतभर अंतरावर. थोड्या वेळापूर्वी हँडल जिथून सूं करत गेलं तिथेच.

“डावी,” तो म्हणाला.

“चौदाचा होतो मी. बाबा जेवायला गेले होते. मला वाटलं, त्यांना चकित करू, मॅग्नेटो साफ करून बसवून ठेवू. एक दात आधी बसली. ते आले, वाकले, हँडल उलटं आलं. आईला सांगितलं पाय घसरला म्हणून. मलाही तेच सांगायला लावलं. टाके निघाले त्या दिवशी मला शेडमध्ये नेलं, हातात छिन्नी दिली, म्हणाले, आता तूच खूण कर, म्हणजे कोणाच्या हातून पुन्हा होणार नाही. दोन्ही खुणा माझ्याच होत्या रे. एक त्यांनी अंगावर घेतली, एक थोरल्यावर.”

दोन्ही याने घासल्या होत्या, आणि दोन्ही वेळा मागे सरून, डोकं तिरकं करून, म्हणाला होता, आता कसं! त्याने दाराकडे पाहिलं. बायको पदराने नाक पुसत होती आणि तिकडे बघतच नाही असं दाखवत होती.

“ऐकतोयस ना?” दादाचा आवाज एकदम फोरमनचा झाला. “प्लग काढ. भोकावर अंगठा ठेव, चाक हळू फिरव. हवा अंगठा ढकलायला लागली की सांग.” हवा आली. आतून कोणीतरी फुंकर मारावी तशी. “आता विणायची सुई घाल आत, सुई वर चढेल. जिथे चढायची थांबेल तिथे थांब.” बायको सुई घेऊन आली, अर्धा स्वेटर तसाच लोंबत. सुई चढली, थांबली. “तिथून चाक चार बोटं पुढे जाऊ दे. बैठकीच्या कडेवर हात आडवा ठेवून मोज. बाबांची चार बोटं. तुझी पाच धर, तुझी पेन्सिलीची आहेत.”

त्याने पाच बोटं धरली. सुजलेल्या मनगटावरचं फडकं सुटून लोंबत होतं. “आता मार,” दादा म्हणाला. छिन्नी त्याच्याकडे होती, नवी, पेटीतून कधी न निघालेली. तिचं टोक त्याने त्या आरशासारख्या कडेवर टेकवलं आणि त्याला खरोखर भीती वाटली. सबंध आयुष्यात त्याने एकाही गोष्टीवर डाग पाडला नव्हता. त्याने हातोडी मारली. छिन्नी घसरली, रंगावर ओरखडा उठला.

“लागली नाही,” फोनमधून आलं. “आवाजावरून कळतं. जोरात मार. लोखंड आहे ते, फोटो नाही.”

दुसरा घाव बसला. घणघण करत चाकातून एक सूर निघाला आणि शेडच्या पत्र्यात शिरला, पलीकडे दादाच्या खोलीतही शिरला असावा, कारण दादा म्हणाला, “हां. ही.”

मॅग्नेटो बसवायला पाऊण तास गेला. दोन वेळा चुकली, एकदा बोल्ट गटारात गेला, एकदा दादा चिडून म्हणाला की तुझ्यापेक्षा माझा गुडघा बरा, निदान तो कुरकुर तरी वेळेवर करतो. फोन गरम झाला. वहिनींनी मध्ये येऊन विचारलं, झालं का, दोघांनीही एकदमच नाही म्हणून सांगितलं. मग त्याने प्लग लावला, हनुवटी आत घेतली, हँडल धरलं आणि मारलं. एकदा. दोनदा. पाचव्यांदा थोरला भक्क करून बोलला, हौदातलं पाणी हललं, चाकं आपल्या जिवाने एक फेरी फिरली. पुन्हा भक्क. स्वयंपाकघरात एक ताट सरकून वाजलं. आणि मग धुराचा एक काळा गोळा निघाला आणि चाकं जड होत होत, कण्हल्यासारखी, थांबली. त्याने पुन्हा मारलं. पुन्हा. दहा वेळा, पंधरा वेळा. काही नाही. त्याने हँडल जमिनीवर आपटलं.

“दोनच?” दादाने विचारलं.

“दोनच.”

“मोजत होतो. माझं पहिल्या दिवशी एकच झालं होतं.”

तो बादलीवर बसला. धुराचा वास शेडभर पसरला होता, गोडसर, करपट. नव्या हिरव्या रंगावर काजळीचा एक पट्टा आडवा उमटला होता, हौदापासून बैठकीपर्यंत. चाक ज्या जागी थांबलं होतं तिथे खूण वर आली होती. वेडीवाकडी, काठ उचललेले, पांढरी. त्याची तर्जनी तिच्यावर गेली, सवयीने काठ घासायला लागली, आणि धारेने बोट कापलं. चांगलंच कापलं. त्याने बोट तोंडात घातलं.

“दादा,” तो बोट तोंडात ठेवूनच म्हणाला, “तो लहान फोटो आहे ना तुझ्याकडे?”

“भिंतीवर आहे.”

“येताना आण.”

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा, जरा लांबून.